कपाटापाशी सांगितलेली तारीख

सर, तुमच्या मिशांबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते, तिथूनच सुरुवात करते, म्हणजे पुढचं सांगायला धीर येईल. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायला आलात आणि पहिल्याच आठवड्यात तास संपल्यावर मला थांबवून घेतलंत. मला ऐकू येत नाही, हे ऑफिसातल्या कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, ‘माझं बोलणं कळतं का?’ खरं उत्तर होतं, अजिबात नाही. नववीत तापात माझे कान गेले. त्यानंतर आईचे ओठ वाचायला मी शिकले, वडिलांचेही बऱ्यापैकी, कारण ती दोघं काय बोलणार हे मला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असायचं. बाहेरच्या माणसाचे ओठ म्हणजे माझ्यासाठी नुसती हालचाल. पण लोकांचा समज असा असतो की ज्याला ऐकू येत नाही त्याला ओठ वाचता येतातच, आणि हा समज मी कधी मोडला नव्हता. मोडला असता तर लोकांनी विचारलं असतं, मग तू कॉलेजात येऊन करतेस काय? घरी वडील तेच विचारत होते. म्हणून मी तुम्हाला म्हणाले, “सर, मिशांमुळं ओठ दिसत नाहीत.” कारण मोठं सोयीचं होतं. तुमच्या मिशा चांगल्या भरघोस, वरचा ओठ झाकणाऱ्या, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या. कोल्हापुरात असल्या मिशांना कोण हात लावतो? मला वाटलं, तुम्ही थोडे हळहळाल आणि विषय तिथंच मिटेल.

सोमवारी तुम्ही मिशा काढून आलात. आधी मी तुम्हाला ओळखलंच नाही. वाटलं, दुसऱ्या कॉलेजातून कुणी बदलीवर आलंय. वरचा ओठ कोवळा, उन्हाची सवय नसलेला, आणि बाकी चेहरा रापलेला. सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि बसायचं विसरला. तुम्ही माझ्याकडं बघून ओठ सावकाश, अगदी रुंद करून हलवलेत आणि भुवया वर केल्यात. म्हणजे, आता? मी मान डोलावली. सर, तुम्ही तेव्हा काय म्हणालात ते मला आजही ठाऊक नाही.

त्याच दिवशी तुम्ही कार्बन पेपरचं एक पाकीट आणलं होतंत. ते माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या हातात ठेवून तिला सांगितलंत की तू वहीत लिहितेस त्याखाली हा कागद घालत जा, म्हणजे हिच्यासाठी दुसरी प्रत निघेल. ती मुलगी पुढं माझी जिवाभावाची मैत्रीण झाली, ते या पाकिटामुळं. ती सगळंच लिहायची. मोसमी वारे, आवर्त, प्रत्यावर्त आणि मध्येच ‘सर खोकले’, ‘मागच्या बाकावरचा झोपला, सरांनी खडू मारला, नेम चुकला’. तुमचा आवाज कसा होता ते मला माहीत नाही. पण तुम्ही कसे बोलायचात ते मी निळ्या, जरा पुसट अक्षरात रोज वाचत होते. मला शिकवलं ते त्या निळ्या अक्षरांनी. तुमच्या उघड्या ओठाचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

मैत्रीण तुमच्याच गल्लीत राहायची. त्यामुळं तुमच्या घरी काय रामायण झालं ते मला तिच्याकडूनच कळलं, पानभर लिहून. बाप गेल्याशिवाय माणूस मिशी उतरवत नाही, असं आपल्याकडं सगळेच मानतात, हे तुमच्या लक्षात आलं नाही की तुम्ही लक्षात घेतलं नाही, कोण जाणे. चहाच्या टपरीवर लोकांनी तुमच्यासमोर हसणं बंद केलं. दोन दिवसांत शाहूवाडीकडच्या तुमच्या भावकीतली चार माणसं एसटीनं आली. उन्हातनं आलेली, टोप्या हातात घेतलेली. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ तुम्हाला म्हणाले, “कवा झालं हे? आमास्नी सांगावा बी धाडला न्हाईस.”

“काय कवा झालं?” तुम्ही विचारलंत.

“आरं, थोरलं गेलं न्हवं?”

तेवढ्यात तुमचे वडील आतून धोतराचा सोगा सावरत बाहेर आले आणि जोत्यावर बसून त्यांनीच चौकशी केली, “कोण गेलं रं?”

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी तुम्ही म्हणालात, “कोन न्हाई दादा. कॉलेजात एका पोरीला ऐकू येत न्हाई. तिला ओठ दिसाय पायजेत, म्हणून मिशी काढली.”

“मग तिला फुडं बसीव की!” दादा ओरडले. “मी जित्ता हाय न्हवं अजून?”

आलेली माणसं चहा पिऊन, पोटभर हसून परत गेली. दादा मात्र आठ दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसायचे. मैत्रिणीनं शेवटी लिहिलं होतं, ‘आपण जिवंत आहोत हे लोकांना दिसावं म्हणून.’ ते वाचून मी तासात मोठ्यानं हसले. माझं हसणं किती मोठं आहे ते मला कळत नाही, त्यामुळं तुम्ही फळ्यावरचा हात थांबवून मागं वळून बघितलंत आणि तुम्हीही हसलात.

आता सांगा, यानंतर मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते की सर, मिशा नसल्या तरी मला तुमचं काही कळत नाही? मी मान डोलावत राहिले. त्यात मी चांगली तरबेज झाले होते. भुवया वर गेल्या की प्रश्न असणार, मग जरा थांबून डोलवायची. कपाळाला आठी असली की पटापट. तुम्ही कष्ट घेऊन माझ्यासमोर उभे राहायचात, प्रत्येक शब्द चावून चावून बोलायचात आणि मी हो हो करायचे. स्टाफरूममध्ये तुम्ही सांगत होतात म्हणे, पोरगी हुशार आहे, मी बोलतो ते सगळं तिला समजतं.

तिसऱ्या वर्षी भूगोलाला प्रात्यक्षिक आणि त्याला जोडून तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक समोर बसवून प्रश्न विचारणार. जिला प्रश्नच ऐकू येत नाहीत तिनं उत्तरं कुठली द्यायची? प्रात्यक्षिकात नापास म्हणजे सगळंच नापास, आणि नापास झाली की घरी बसायचं, हे वडिलांनी मला कॉलेजात घालतानाच बजावलं होतं. हातकणंगल्याजवळ आमची थोडी शेती आणि चार म्हशी. मी रोज सकाळी धारा काढून पॅसेंजरनं कोल्हापूरला यायचे. एक स्थळ वडिलांनी तसंच थांबवून ठेवलेलं होतं. नवरा मुलगा चांगला होता, पण त्याच्या आईला सून घरातच राहायला हवी होती. माझ्यासाठी वाट एकच होती. विद्यापीठाकडं अर्ज करायचा, सोबत सरकारी दवाखान्याचा दाखला जोडायचा, आणि प्रश्न लेखी विचारण्याची परवानगी घ्यायची. त्याला मुदत होती. हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ते तुम्ही मला सांगितलंत. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गुंडाळलेल्या नकाशांचं उंच कपाट होतं, त्याच्यापाशी. मी आत्ताही तिथं उभी आहे असं वाटतं. तुमच्या एका हातात डस्टर आहे, दुसऱ्या हातात माझं जर्नल. तुम्ही सावकाश बोलताय, मध्ये दोनदा थांबून माझ्याकडं बघताय. मला वाटतंय, जर्नलबद्दल चाललंय, समोच्च रेषा पुसट आल्यात म्हणत असतील. कपाळाला आठी नाही म्हणजे रागावलेले नाहीत. मी मान डोलावते. तुम्ही परत काहीतरी विचारता, भुवया वर जातात. मी जरा थांबून पुन्हा डोलावते. तुम्ही समाधानानं जर्नल माझ्या हातात देता. घरी येऊन मी सगळ्या समोच्च रेषा नव्यानं गिरवल्या.

पुढं विद्यापीठाकडून परवानगी मिळालेल्या विद्यार्थ्यांची यादी आली. तीत आमच्या कॉलेजातल्या दोन अंध मुलांची नावं होती, माझं नव्हतं. प्राचार्यांनी तुम्हाला आणि मला बोलावून घेतलं. मी भिंतीला टेकून उभी. प्राचार्य टेबलावर बोट आपटत होते. तुम्ही एकदा वळून माझ्याकडं बघितलंत. त्या बघण्यात प्रश्न होता आणि तो समजायला ओठ वाचावे लागत नव्हते. मी खाली बघितलं, फरशीकडं. मग तुम्ही प्राचार्यांकडं वळून काहीतरी बोललात. ते काय, हे शिपाईमामांनी बाहेर माझ्या मैत्रिणीला सांगितलं आणि तिनं मला लिहून दिलं. तुम्ही म्हणाला होतात, “विसरलो, साहेब. तिला सांगायचं राहूनच गेलं. चूक माझी आहे.” त्यावर प्राचार्य म्हणाले होते, “मिशा काढायची थेरं सुचतात आणि एक तारीख सांगायची सुचत नाही?” तुम्हाला लेखी समज दिली गेली. सगळ्या नोकरीतली एकच. सर, माझे कान गेले होते, वाचा नव्हती गेली. त्या खोलीत मला बोलता येत होतं. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही निरोप धाडून वडिलांना बोलावून घेतलंत. ते पहिल्यांदाच कॉलेजात आले होते, धुतलेला पटका बांधून. तुम्ही हात जोडून त्यांना सगळं सांगितलंत आणि वडील काय म्हणाले ते मी स्वतः वाचलं, कारण ते ओठ माझ्या घरचे होते. “तुमी चुकलासा व्हय? मग बरं झालं सर. मला वाटलं आमचं पोरगंच चुकलं. तसं असतं तर आजच घरला न्हेलं असतं.” एवढं बोलून ते मोकळे झाले. माझं तोंड तिथं कायमचं बंद झालं.

मग तुम्ही आणि वडील स्कूटरवर, मी आणि मैत्रीण मागून रिक्षात, अशी आपली वरात आधी दवाखान्यात गेली, तिथून विद्यापीठात. खिडकीतल्या माणसानं मुदत संपली म्हणून कागद परत सरकवले. तुम्ही त्याला म्हणालात, “मुदत मी संपवली, पोरीनं न्हाई. तिला कशाला शिक्षा?” हे वाक्य वडिलांनी पुढं म्हशींसमोर, पाहुण्यांसमोर, दिसेल त्याच्यासमोर सांगितलं, म्हणून मला ते तोंडपाठ आहे. दुपार कलेपर्यंत तुम्ही बाकावर बसून राहिलात. शेवटी कुणी अधिकारी बाहेर आले, अर्ज वाचला आणि विशेष बाब म्हणून सही केली. तोंडी परीक्षेला परीक्षकांना माझे प्रश्न हातानं लिहावे लागले. लिहून लिहून त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी चारच प्रश्नांवर मला सोडलं. बाकीच्यांना पंधरा-पंधरा विचारले होते. वर्गातली मुलं महिनाभर माझ्यावर जळत होती.

मी पास झाले. निकाल लागला तसं तुम्ही मिशा पुन्हा वाढवल्यात, त्या निम्म्या पांढऱ्या आल्या. पण मधल्या त्या काळात एक गोष्ट घडली होती. ‘विसरल्या’चा तुम्ही असा धसका घेतलात की तेव्हापासून मला तोंडी काही सांगणंच सोडून दिलंत. जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे चौकोन कापून खिशात ठेवायचात आणि सगळं लिहून द्यायचात. तारीख, खोली, पुस्तकाचं पान, ‘जेवलीस का?’ सुद्धा. त्या चिठ्ठ्यांनी माझं कॉलेज खऱ्या अर्थानं सुरू झालं. म्हणजे माझ्या खोटेपणाची शिक्षा तुम्हाला झाली आणि त्याचं फळ मला मिळालं. हे मला तेव्हाच कळत होतं. लहान होते म्हणून समजलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

नंतर मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कारकून म्हणून लागले, ते तुम्हाला माहीतच आहे, अर्जावर ओळख म्हणून तुमचंच नाव होतं. अपंग विद्यार्थ्यांचे अर्ज तिथं कुणालाच नको असायचे, ते फिरत फिरत माझ्या टेबलावर आले आणि राहिले. अंध मुलांना लेखनिक मिळवून द्यायचा, तो त्यांच्याहून खालच्या वर्गातला आहे ना ते तपासायचं, हात थरथरणाऱ्याला वाढीव वेळ, जिना न चढता येणाऱ्याला तळमजल्यावरची खोली. तळमजल्यावर नेमकी जिमखान्याची खोली मोकळी असायची आणि बाहेर मुलं खो-खोचा सराव करत ओरडत असायची. मला ते ऐकू येणार नव्हतंच, त्यामुळं पहिल्या वर्षी मीच ती खोली मोठ्या दिमाखानं नेमून दिली होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं तेव्हा कुठं चूक कळली.

एकदा शाहूवाडीकडची एक मुलगी आली. तिला फार कमी दिसायचं. तिच्यासाठी मी प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात झेरॉक्स करून घ्यायची मंजुरी मिळवली होती, त्यासाठी तीन साहेबांच्या सह्या लागल्या होत्या. नमुना तिच्या हातात ठेवला. ती काय बोलली ते बाईंनी मला लिहून दाखवलं, “दिसतंय की मॅडम. झ्याक हाय.” आणि तिनं मान डोलावली. सर, ती मान मी ओळखली. अगदी माझीच होती. मी म्हटलं, “तिसरी ओळ वाच.” तिनं कागद नाकाजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग रडायला लागली. बाईंनी पुढचंही लिहून दाखवलं, “तुमी येवढं केलासा, आनि न्हाई दिसत म्हनून कसं सांगू?” आम्ही अक्षर आणखी दुप्पट केलं. तेव्हापासून माझ्या टेबलासमोर कुणी मान डोलावली की मी कागद पुढं करते आणि म्हणते, मी काय सांगितलं ते लिहून दाखव. पोरं वैतागतात. मला खडूस म्हणतात, हेही मला बाईंनी लिहून दाखवलंय.

आता शेवटचं. तुम्ही रिटायर झाल्यावर मी दिवाळीत तुमच्याकडं आले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरातच बसवून घेतलं. त्या भाकऱ्या थापत होत्या. मधूनच हात पुसून कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं लिहायच्या, ‘हल्ली फार विसरतात. परवा मंडईत पिशवी ठेवून आले. डॉक्टरांकडं न्यायचंय.’ तेवढ्यात तुम्ही आलात, माझ्यासमोर पाटावर बसलात, ते पान ओढून घेतलंत, काकूंनी लिहिलेलं वाचलंत आणि हसलात. मग त्याखाली तुमच्या त्या तिरप्या अक्षरात लिहिलंत, ‘तोंडी परीक्षेच्या अर्जाची तारीख मी तुला सांगितली होती का? मला चांगलं आठवतंय की सांगितली. नकाशाच्या कपाटापाशी. तू हो म्हणालीस. पण तू अर्ज दिला नाहीस, म्हणजे सांगितली नसणार. डोकं कधीपासून दगा देतंय ते बघतोय.’ आणि पेन माझ्या हातात दिलंत.

काकूंनी माझ्या ताटात गरम भाकरी टाकली आणि वाकून बघायला लागल्या, मी काय लिहिते ते. मी लिहिलं, ‘नाही.’

तुम्ही वाचलंत. पेन माझ्या हातातून परत घेतलंत. मग खाली लिहिलंत, ‘म्हणजे तेव्हापासूनच.’ काकू चुलीकडं वळल्या त्या बराच वेळ फिरल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात तुम्ही डॉक्टरांनाही तेच सांगितलंत, बरीच वर्षं झाली, नोकरीत असल्यापासून विसरतोय. त्यानंतर तुमचा स्वतःवरचा भरवसाच उडाला, हे मला काकूंकडून कळत गेलं. दाराला कुलूप लावलं की नाही ते तुम्ही तीन-तीनदा जाऊन बघायचात. खरंच आठवलेल्या गोष्टीही दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घ्यायचात. वर्ष-दीड वर्षात तुम्ही गेलात ते हृदयानं, विसरण्यानं नव्हे. पण ते वर्ष-दीड वर्ष तुम्ही असं काढलंत, ते माझ्या दोन अक्षरांमुळं.

तुम्ही सांगितलं होतंत, सर. कपाटापाशी, डाव्या हातात माझं जर्नल घेऊन, मध्ये दोनदा थांबून, मला समजलं की नाही याची खात्री करून. मी हो म्हणाले होते. तुमची आठवण अगदी बरोबर होती.

तुमचा पत्ता मला पाठ आहे. घर तेच, काकू अजून तिथंच राहतात, पोस्टमन अजून तुमच्या नावाची पत्रं त्यांच्याच हातात देतो आणि त्या ती फोडून वाचतात. गौरीच्या जेवणाला मला दरवर्षी बोलावतात, लेकीसारखी साडी नेसवतात. सर गेले, आता कुणाला पाठवायचं, म्हणून हे पत्र माझ्याकडं राहिलं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन. खरं म्हणजे ते काकू आहेत म्हणून राहतंय.